टोळी जाईपर्यंत डोळा थांबणार नाही

पलूस तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र:

‘डॉक्टर, आमच्या उसाला तोड लागली आहे. आठ दिवसांपूर्वी जनावरांसाठी वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करताना मालकांच्या उजव्या डोळ्याला उसाची पात लागली. त्या दिवशी नुसतं पाणी आलं. दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला म्हणून गावातल्या मेडिकलमधून ड्रॉप आणला. दोन-तीन दिवस फार बरं वाटलं, लाली गेली. आता डोळा परत लाल झालाय, उजेड सहन होत नाही, सारखं पाणी गळतं आणि बुबुळावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतोय. मालक म्हणतात, ऊसतोडीची टोळी गेल्यावर जाऊ, पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न आहे, तोवर तोच ड्रॉप घालू. सासूबाई म्हणतात, शेळीचं दूध घाला. डोळ्यात फूल पडलं की काय, अशी भीती वाटते. थांबलं तर चालेल का? कुठल्या डॉक्टरांकडे जायचं? नजर जाईल का? आणि ह्यांना तयार कसं करू?’

ताई,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं. सदराच्या ठरलेल्या दिवसाची वाट न बघता लगेच उत्तर लिहिते आहे, कारण तुमच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर घाईचं आहे. थांबून चालणार नाही. आज दिवस मावळायच्या आत डोळ्याच्या डॉक्टरांनी मालकांचा डोळा बघितलाच पाहिजे. मेडिकलमधून आणलेला तो ड्रॉप आता घालू नका. शेळीचं दूधही नको. डोळ्यावर पट्टी बांधू नका, त्यांना डोळा चोळू देऊ नका. उजेड टोचत असेल तर काळा चष्मा लावू द्या. ड्रॉपची बाटली खोक्यासकट पिशवीत टाका. मोटारसायकल त्यांच्या हातात देऊ नका, दुसऱ्या कुणाला तरी चालवायला सांगा. बाकीचं वाटेत वाचा.

पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही. पण उसाची पात, मधे गेलेले आठ दिवस आणि बुबुळावरचा पांढरा ठिपका, हे तिन्ही एकत्र आलं की आमच्या मनात पहिली शंका येते ती बुरशीची. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून तर तो आरपार असतो. आणि त्या नसतात म्हणूनच तिथे जंतू शिरले की शरीराची कुमक पोचायला उशीर होतो.

उसाच्या पातीच्या कडेवरून बोट फिरवून बघा, बारीक दाते हाताला लागतात. फडात राबणाऱ्यांच्या हातांवर, गालांवर त्यांचे ओरखडे तुम्ही रोज बघता. तसाच ओरखडा कॉर्नियावर पडतो. तो स्वच्छ असेल तर वरचं सालपट दोन-तीन दिवसांत आपोआप भरून येतं. पण पात स्वच्छ नसते. पाचट, माती, ओला पाला, सगळीकडे बुरशी असते आणि तिचे बीजाणू त्या ओरखड्यातून आत जातात. जिवाणूंची जखम सहसा एक-दोन दिवसांत भडकते, माणूस कळवळत डॉक्टर गाठतो. बुरशी सावकाश वाढते. पहिले काही दिवस किरकोळ खुपतं, पाणी येतं, माणूस कामावर जात राहतो. दिसतं तेवढं दुखतही नाही कधी कधी. आठवड्यानं ठिपका दिसायला लागतो तोवर ती मुळं धरून बसलेली असते.

आता तुमच्या ड्रॉपबद्दल, आणि इथे मी जरा थांबून लिहिणार आहे. ‘दोन-तीन दिवस फार बरं वाटलं, लाली गेली’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. अँटिबायोटिकच्या नुसत्या ड्रॉपनं बुरशीची लाली अशी झटकन उतरत नाही. ती उतरते स्टेरॉइडनं. दुकानातून ‘डोळा लाल झालाय’ म्हणून जे ड्रॉप मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा, किंवा मुलांकडून वाचून घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, यांतलं एक जरी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. डोळ्याच्या ऑपरेशननंतर आम्ही स्वतः ते देतो. पण ते करतं काय? शरीर जंतूंशी लढत असतं म्हणून लाली येते, पाणी येतं, दुखतं. स्टेरॉइड ती लढाईच बंद करतं. वरून डोळा पांढरा, शांत दिसतो आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. औषध थांबलं की लाली परत येते, माणसाला वाटतं ड्रॉप थांबवला म्हणूनच त्रास झाला, आणि तो दुसरी बाटली आणतो. वाळवा भागातला एक तरुण शेतकरी असाच तीन आठवडे तोच ड्रॉप घालत राहिला होता. दर वेळी लाली कमी व्हायची, म्हणून त्याचा त्या बाटलीवर विश्वास बसला होता. माझ्यासमोर बसला तेव्हा कॉर्निया जवळपास सगळा पांढरा झाला होता आणि बुबुळाच्या खालच्या कडेला पू साचून त्याची सरळ रेघ दिसत होती. त्या मुलाचा काही दोष नव्हता. औषधानं बरं वाटतंय म्हणजे औषध लागू पडलंय, असंच कुणीही समजेल.

म्हणून बाटली सोबत न्या. डॉक्टर रागावतील म्हणून ती लपवणारे खूप असतात, तसं करू नका. किती दिवस घातला, दिवसातून किती वेळा घातला, शेवटचा कधी घातला, हे सगळं सांगा. त्या दुकानदाराशी भांडायला आज जाऊ नका, वेळ नाही. पण असले ड्रॉप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नसतात, हे गावात चार जणींना जरूर सांगा.

कुठे जायचं? तुमच्या जवळपास, पलूसला किंवा तासगावला, डोळ्याचा डॉक्टर असेल तर पहिली तपासणी तिथेच करा. चष्म्याच्या दुकानात नव्हे आणि डोळे तपासणीच्या शिबिराची वाट बघतही नव्हे. स्लिट लॅम्प नावाचं यंत्र असलेला कुठलाही नेत्रतज्ज्ञ जखम ओळखू शकतो. जखम मोठी असेल, बुबुळाच्या मधोमध असेल, खोल असेल किंवा आत पू दिसत असेल, तर ते तुम्हाला पुढे पाठवतील. तेव्हा ‘कॉर्नियाचे तज्ज्ञ कुठे आहेत, साहेब?’ असं विचारा. डोळ्याच्या डॉक्टरांतही कुणी मोतीबिंदू बघतं, कुणी डोळ्याच्या आतला मागचा पडदा, कुणी काचबिंदू. तुम्हाला कॉर्निया बघणारा माणूस हवा.

खासगीचा खर्च झेपणार नसेल तर सरळ मिरज गाठा. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, आणि सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्याच महाविद्यालयाला जोडलेलं आहे. दोन्हीकडे डोळ्यांचे विभाग आहेत. किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं किंवा एसटीनं जाता येईल. ओपीडी सकाळची असते. वेळ टळली असेल तर माघारी फिरू नका, अपघात विभागात जाऊन ‘डोळ्याला पात लागली, बुबुळावर पांढरं आलंय’ एवढंच सांगा. आधारकार्ड आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. भरती करायची किंवा ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

तिथे काय होईल ते आधीच सांगते, म्हणजे मालक घाबरून उठून येणार नाहीत. यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतील. डोळ्यात एक केशरी-पिवळा रंग लावतील आणि निळा उजेड टाकतील. जिथे सालपट निघालंय तेवढीच जागा हिरवीगार चमकते. डॉक्टर ती मिलिमीटरमध्ये मोजतात आणि केसपेपरवर बुबुळाचं चित्र काढून तिथे खूण करतात. त्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या प्रत्येक तपासणीत तो कामाला येईल. बुरशीची जखम कोरडी, राखाडी-पांढरी दिसते, तिच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात, कधी शेजारी छोटे छोटे वेगळे ठिपके असतात. पण डोळ्यांना दिसलं तेवढ्यावर औषध ठरवू नये. जखम खरवडून तपासावी लागते.

‘खरवडणं’ म्हटलं की माणसं हात आखडून बसतात. त्याआधी बधिर करणारे थेंब घालतात. दुखत नाही, फक्त डोळा न हलवता एका जागी बघावं लागतं. बारीक पात्यानं जखमेवरचा कण उचलून काचपट्टीवर घेतात, त्यावर एक द्रावण टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले धागे दिसतात आणि हे त्याच दिवशी कळू शकतं. उरलेला कण वाढवायला ठेवतात, त्याचा निकाल यायला आठवडा किंवा जास्त लागतो. या खरवडण्याचा आणखी एक उपयोग असा, की वरचा मेलेला थर निघाल्यावर औषध आत जास्त जातं. डॉक्टर ही तपासणी न करताच औषध द्यायला लागले तर नम्रपणे विचारा, ‘खरवडून तपासायला लागेल का? इथे होते का?’ हे विचारण्यात कसलाही आगाऊपणा नाही. मधुमेह कधी तपासला नसेल तर रक्तातली साखरही त्याच दिवशी बघून घ्या. साखर वाढलेली असली की असली जखम हट्टानं रेंगाळते.

बुरशी निघाली तर बहुतेक वेळा नॅटामायसिन नावाचे थेंब देतात. ते दूधट पांढरे असतात, औषध तळाशी बसतं म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. सुरुवातीला दर तासाला एक थेंब, काही जणांना रात्रीसुद्धा. खरी कसोटी इथे लागते, आणि ती घरच्यांची लागते. मोबाईलवर दर तासाचा गजर लावा. खालची पापणी हलकेच खाली ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब टाका, दोन टाकले तर दुसरा गालावरच येतो. बाटलीचं टोक पापणीला, बोटाला लागू देऊ नका. दुसरा ड्रॉप असेल तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या. आत कळ येऊ नये म्हणून बाहुली मोठी करणारा एक ड्रॉप देतील. त्यानं जवळचं धूसर दिसतं. नजर आणखी गेली असं समजून तो बंद करू नका. नॅटामायसिन प्रत्येक गावात मिळतोच असं नाही, म्हणून दवाखान्याजवळच दोन बाटल्या घ्या. रात्री अकराला बाटली संपली आणि दुकानं बंद, अशी वेळ येऊ देऊ नका.

उपचार आठवड्याचे नसतात. चार-सहा आठवडे सहज लागतात, कधी त्याहून जास्त. पहिले चार दिवस काहीच फरक दिसणार नाही. तेव्हा सगळे म्हणतील, डॉक्टर बदला, त्या जुन्या ड्रॉपनं बरं वाटत होतं. त्या वेळी मन घट्ट ठेवा. जखम वाढायची थांबली, विस्कटलेल्या कडा गोल व्हायला लागल्या, तर ती सुधारणाच आहे, लाली मागाहून उतरते. मात्र डोळ्यातून एकदम कोमट पाणी वाहिलं आणि दुखणं अचानक थांबलं, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. कॉर्नियाला भोक पडलेलं असू शकतं. डोळा दाबू नका, त्याच क्षणी दवाखान्यात जा, मध्यरात्र असली तरी.

नजर जाईल का, हे तुम्ही विचारलंत. खोटा धीर देत नाही. जखम भरली तरी तिथे पांढरा व्रण राहतो, त्यालाच आपण फूल म्हणतो. ते कडेला असेल तर नजरेत फारसा फरक पडत नाही. बाहुलीच्या समोर असेल तर अंधूक दिसतं. आज तुमचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा आहे, आणि एवढ्या आकाराच्या जखमा औषधानं भरून येताना मी बघितल्या आहेत. पाच-सहा दिवसांनी तो केवढा असेल ते कुणीच सांगू शकणार नाही, म्हणून ही सगळी घाई. जखम औषधाला दादच देत नसेल तर दान केलेल्या डोळ्यातला कॉर्निया बसवतात. नुसतं फूल राहिलं तर काही महिने जाऊ देऊन नजरेसाठीही बसवता येतो. पण असे कॉर्निया मागितले की मिळतात असं नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढावे लागतात आणि तेवढ्या वेळात नेत्रपेढीला फोन करणारी घरं आपल्याकडे अजून फार कमी आहेत.

सासूबाईंना दुखवू नका. शेळीचं दूध, एरंडेल, मध, पाल्याचा रस, हे त्यांच्या काळात घरात हाताशी तेवढंच होतं आणि लेकराच्या काळजीपोटीच त्या सांगतायत. त्यांना एवढंच सांगा की बुबुळाचं साल निघालंय, आणि उघड्या जखमेत दूध घातलं तर त्यातले जंतूही आत जातात. थेंब घालायचं तासाचं वेळापत्रक सांभाळायला मात्र त्यांच्याइतकं चांगलं माणूस घरात दुसरं नसेल. ते काम त्यांच्याकडे द्या.

आणखी एक, तुमच्यासाठी नाही तर फडात उभ्या असलेल्या बाकीच्यांसाठी. नेपाळमधल्या भक्तपूरला एक अभ्यास झाला होता, २००१ साली तो प्रसिद्ध झाला. गावातल्या आरोग्यसेवकांनी डोळ्याला ओरखडा पडलेल्यांना तीन दिवस साधं अँटिबायोटिकचं मलम दिलं. ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळालं, त्यांच्यापैकी एकाचाही ओरखडा चिघळला नाही. स्टेरॉइड नसलेलं साधं मलम, आणि तेही त्याच दिवशी! पात लागली, काटा लागला, मोळी उचलताना वाढं डोळ्यात गेलं, की स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, पदराच्या टोकानं किंवा जिभेनं कण काढायला कुणाला देऊ नका आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. तोडीच्या वेळी साधा पारदर्शक गॉगल घातला तर हा प्रसंगच यायचा नाही. टोळीतल्या बायामाणसांना तो कुणी देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांचा ऊस आहे त्यांनी दिला पाहिजे. तुमच्या भागात द्राक्षबागाही आहेत, म्हणून हेही सांगते: बोर्डो मिश्रणातला चुना किंवा फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर डॉक्टर गाठण्याआधी अर्धा तास वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, मग निघायचं. आणि काहीही लागलेलं नसताना, दुखत नसताना एका डोळ्याची नजर एकदम गेली, किंवा विजा चमकल्यासारखं होऊन काळा पडदा सरकत आला, तर तिथेही ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

राहिले मालक. त्यांच्यावर चिडू नका. वर्षभर सांभाळलेला ऊस, मिनतवाऱ्या करून आलेली टोळी, तोडून पडलेला ऊस वाळला की काट्यावर वजन घटतं, हे सगळं खरं आहे आणि तो माणूस घराच्याच पैशाचा विचार करतोय. वाद घालण्यापेक्षा एक करा. त्यांना खुर्चीत बसवा, डावा डोळा तळहातानं झाकायला सांगा आणि तोडीची चिठ्ठी उजव्या डोळ्यापुढे धरून वाचायला लावा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं निभावून नेतो आणि दुसऱ्याची नजर किती उतरलीय ते कळतच नाही. चिठ्ठीवरचे आकडे दिसले नाहीत की त्यांना तुमचं ऐकावंच लागेल. दिसले, तरी निघायचंच.

फडावर दिराला किंवा शेजारच्या कुणाला तरी उभं करा, मुकादमाचा फोन नंबर आणि खेपांची वही त्यांच्या हातात द्या. वाढे दोन दिवस कुणीही आणेल. मालकांना जेवूनच निघू द्या, या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. डॉक्टर भरती व्हा म्हणाले तर ‘उद्या येतो’ म्हणून परत आणू नका, म्हणून एक जोडी कपडे आणि मोबाईलचा चार्जर बरोबर असू द्या. खरवडलेल्या तपासणीचा निकाल आणि दिलेल्या ड्रॉपची नावं मला लिहून पाठवा. घरी आल्यावर थेंबांच्या वेळा जमवताना अडचण आली तर त्या पत्राचंही उत्तर मी त्याच दिवशी देईन.